दाराबाहेर चपलांचे तीन जोड

आमच्या लॅबमध्ये धुळीला सक्त मनाई होती. केसांवर टोपी, पायांत लॅबच्या स्लिपर, अंगात कोट. किस्से मात्र कुणाला न विचारता आत यायचे आणि साचून राहायचे. मैसूर सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी कुणी सहज "तू तिकडे नक्की करायचीस काय?" असं विचारलं, की एकातून दुसरा निघत जातो आणि समोरच्याचा चहा निवतो.

आधी कामाचं सांगून टाकते, मग त्रास देणार नाही. तुमच्या फोनवरचा व्हिडिओ वाटेत कुठेतरी प्रकाश होऊन काचेच्या तंतूतून धावत असतो. त्या प्रकाशाची भयंकर वेगाने उघडझाप करणारा नळ म्हणजे मॉड्युलेटर. आम्ही तो नळ चिपवर जितका लहान बसवता येईल तितका लहान बसवायच्या मागे होतो. झालं, संपलं विज्ञान.

जागा मेटगळ्ळीला, दोन कारखान्यांच्या मध्ये अडकलेली एक शेड. माणसं चार. प्रसन्ना सर, म्हणजे आमचे प्रमुख, अस्सल मैसूरचे, कन्नड आणि इंग्रजीत बोलणारे. सुलाखेमामा, आमचे टेक्निशियन, पिढ्यान्‌पिढ्या मैसुरात राहिलेल्या मराठी शिंप्यांच्या घरातले. अश्विनी, डिझाइन करणारी, मैसूरच्याच विजयनगरची, तिच्याही घरी मराठीच, पण अर्धं वाक्य झालं की गाडी कन्नडच्या रुळावर. आणि नाशिकहून नुकतीच आलेली मी, जिला या तिघांनी मिळून शहाणं केलं.

*

पहिल्या दिवशी मामांनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आमच्या लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून गप्प बसणाऱ्यातली मी नव्हते.

"हा बघ, दोरा," मामा म्हणाले. काचेच्या तंतूला ते दोराच म्हणायचे. "आणि ही चिप. दोऱ्याचं टोक तिच्या तोंडाशी आणायचं. लाईट आत गेली पाहिजे."

मी वीस मिनिटं मान डोलावली. "वा, मस्त जातोय प्रकाश," असंही म्हणाले. "मामा, तुमचा हात फारच स्थिर आहे."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "स्वल्प थांब हां. लेझर आता चालू करतो."

*

मामांचा हात खरोखरच स्थिर होता, ते मागाहून कळलं. तंतूचं टोक केसभर हललं तरी सगळा प्रकाश बाहेर सांडतो. आम्ही तासभर झटायचो तिथे मामांचं पाच मिनिटांत व्हायचं. गुपित विचारलं तर म्हणाले, "सुईत दोरा ओवताना शिंपी श्वास घेतो काय? इल्ला. तेवढंच."

सरांनी ते फारच मनावर घेतलं. श्वासावर ताबा हवा म्हणून ते गोकुलमला एका योगाच्या क्लासला जाऊ लागले. वर्गात सगळे परदेशी, मैसूरचे एकटे सर. महिनाभर आम्हाला रोज सकाळी प्रगती ऐकावी लागली.

महिना झाल्यावर सर म्हणाले, "आज मी अलाइन करतो." ताठ बसले. श्वास आत घेतला, रोखून धरला. तंतू जागचा हलला नाही. आम्ही तिघं श्वास न घेता बघत होतो. मग क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे सरांनी तो श्वास हळू, दीर्घ आणि पूर्ण सोडला. चिप होती तांदळाच्या कणीएवढी. तीही गेली त्या श्वासाबरोबर.

चार माणसं दीड तास जमिनीवर रांगत होती. शेवटी ती सरांच्याच मोज्याला चिकटलेली सापडली. दुसऱ्या दिवशी मामांनी दारावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत पाटी लावली: "प्राणायाम बाहेर करावा."

*

मैसुरात दसरा म्हणजे काय ते मी सांगायला नको. आयुधपूजेला तिथे गाडी, सायकल, शिलाई मशीन, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्याला हळदकुंकू लागतं. आणि आमच्याकडे तर हळदीचा एक कण लेन्सवर पडला तरी सर दोन दिवस जेवायचे नाहीत.

"पूजा नाही केली तर मशिनी रुसतील," मामा म्हणाले.

"पूजा केली तर मी रुसेन," सर म्हणाले.

मामांनी तोड काढली. चिपचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला, तो बाहेर व्हरांड्यात चौरंगावर मांडला आणि त्याची पूजा केली. प्रत्येक मॉड्युलेटरला एकेक बोट कुंकू. सरांचे जुन्या पद्धतीचे लांबच लांब मॉड्युलेटर होते, त्यांना ऐसपैस लागलं. नारळ फुटला, आरती झाली, आणि अश्विनीचं तोंड एवढंसं झालं.

"मामा, माझ्या रिंगला कुंकू नाही?"

अश्विनीची रिंग म्हणजे नव्या पद्धतीचा मॉड्युलेटर. सरळ लांब रस्त्याऐवजी प्रकाशाला गोल गोल फिरवायचं. इतकी लहान, की केसाच्या जाडीत तीन शेजारी शेजारी मावतील.

"कुठे आहे दाखव, लावतो की," मामा म्हणाले.

ती भिंग घेऊन आली. शोधून दाखवली. मामांनी अगदी करंगळीने हलकेच टेकवलं, तरी त्या ठिपक्याखाली रिंग, तिच्या तारा, तिची जोडणी आणि शेजारचं सगळं मिळून झाकलं गेलं.

"काय गं हे," मामा म्हणाले, "तुझी दोन वर्षं एका टिकलीत आली."

*

हीच दोन वर्षं अश्विनीच्या आईलाही खटकत होती. एक दिवस त्या स्वतः बघायला आल्या. डब्यात चिरोटी, डोक्यात प्रश्न. अश्विनीने रिंग स्क्रीनवर मोठी करून दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"केवढी आहे खरी?"

अश्विनीने सांगितलं.

"इतकुशी? दोन वर्षं?" त्या माझ्याकडे वळल्या. "हिच्या मावशीने तेवढ्यात दोन मजली घर बांधलं. वर गच्चीपण आहे."

आम्ही हसलो. अश्विनी नाही हसली. कारण सर तिला त्याच आठवड्यात म्हणाले होते, की आपल्या प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या बेंगळूरच्या कंपनीच्या मीनाक्षी मॅडम बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर रिंगने अर्धा तास चोख काम करून दाखवलं, तर पुढची चिप रिंगची. नाही दाखवलं, तर रिंग बंद, परत लांब मॉड्युलेटर. सर वाईट नव्हते, पण चिपचा नकाशा एकच निघायचा आणि त्यावर जागा मोजकी.

"मग तू काय करणार?" मी तिला विचारलं होतं.

"मग काय, बेंगळूरला जाईन. सॉफ्टवेअर करेन. सगळे करतात ना." हे ती इतक्या शांतपणे बोलली, की मला रडूच आलं.

*

रिंगचा एक मोठा दोष होता. ती थंडीगर्मीला फार हळवी. तिचा सूर लेझरशी जुळला तरच काम करणार, आणि खोली अर्धा अंश इकडेतिकडे झाली की सूर गेला. चिपखाली तापमान धरून ठेवणारी एक प्लेट असते. ती परदेशातून येत होती. मी रुजू झाले तेव्हाही येत होती, सोडलं तेव्हाही येतच होती.

त्यामुळे खोलीत किती माणसं आहेत याचाही रिंगवर परिणाम व्हायचा. माणसाचं अंग गरम, चार माणसं आली की खोली तापते. अश्विनीने वहीच ठेवली होती: आत माणसं इतकी, तापमान इतकं. नियम केला, आत एका वेळी तिघंच. मोजायचं कसं? चपला. दाराबाहेर चपलांचे तीन जोड दिसले, की चौथ्याने बाहेर थांबायचं.

एकदा मी, मामा आणि अश्विनी एकदमच आलो. दाराबाहेर चपला काढल्या, लॅबच्या स्लिपर घातल्या, आणि आत शिरायच्या आधी मामा म्हणाले, "कॉफी घेऊन येऊ." तसेच स्लिपर घालून कोपऱ्यावर जाऊन आलो. परत येऊन बघतो तर दाराबाहेर तीन जोड. आत तिघं.

आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा, वीस. मामा म्हणाले, "आत कोण बसलंय इतका वेळ?" अश्विनी म्हणाली, "सर असतील, कुणाला तरी दाखवत असतील." मी तर दाराला कान लावून म्हणाले, "हळू आवाजात बोलतायत."

अर्ध्या तासाने सर आपल्या स्कूटरवरून आले. आम्ही त्यांना ओठांवर बोट ठेवून थांबवलं. सरांनी चपलांकडे बघितलं, मग आमच्या पायांकडे बघितलं, मग पुन्हा चपलांकडे.

"तिघांत मिळून," त्यांनी विचारलं, "डिग्र्या किती आहेत?"

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून लाज वाटते.

मॅडम उद्या सकाळी अकराला येणार. सारख्याच पाच चिपांपैकी एकाच चिपवरची रिंग नीट उतरली होती, ती तयार ठेवलेली. रिंगच्या कडेला धातूची एक बारीक पट्टी असते, ती तिची शेगडी. तिला थोडी वीज दिली की रिंग उबेला येते आणि लेझरशी सूर जुळतो. दुपारी एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून मी बसले. द्यायचे होते एक पॉइंट दोन व्होल्ट. मी टिंब विसरले. बारा दिले.

आवाजही झाला नाही. स्क्रीनवरची रेघ आडवी झाली, एवढंच. शेगडी जळाली होती.

मी जाऊन अश्विनीला सांगितलं. वाटलं, ओरडेल, निदान काहीतरी फेकेल. तिने चिप मायक्रोस्कोपखाली बघितली. बराच वेळ बघितली. मग मला म्हणाली, "ऊट आयता?" म्हणजे जेवलीस का. मैसुरात कुणाचं काहीही झालं तरी आधी हेच विचारतात. मी नाही म्हणाले, तर तिने स्वतःचा डबा माझ्यापुढे ठेवला.

मामा बाजूला उभे होते. "शेगडी गेली. रिंग चांगली आहे ना?"

"रिंगला काही नाही," अश्विनी म्हणाली. "पण ती थंड आहे. दीड डिग्री पाहिजे."

"मग खोली तापवू."

तापवायची कशी? बल्ब लावून बघितला, एकच बाजू तापली आणि तंतू सरकला. पंख्याचा हीटर आणला, त्याच्या वाऱ्याने सगळंच हललं. मामा खुर्चीत बसून विचार करत होते.

"अश्विनी," ते म्हणाले, "तुझ्या वहीत बघ. आपण चार आणि मॅडम, वर किती माणसं लागतील?"

तिने वही काढली. आकडेमोड केली. "सात."

"सात आहेत माझ्याकडे," मामा म्हणाले. "पण साठच्या वरचे. तेवढेच गरम असतात ना?"

सर दारात उभं राहून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "एक अट. खोटं बोलायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मामांच्या विठ्ठल मंदिराचं भजनी मंडळ मेटगळ्ळीत हजर झालं. सात जण, बहुतेक शिंपी, पांढऱ्या टोप्या. एकाच्या खिशात सवयीने टाळ आलेले, ते मामांनी काढून घेतले. सगळ्यांना भिंतीला लागून उभं केलं आणि सांगितलं, बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही.

"आणि भजन?" मंडळातले सर्वांत वयस्क, तात्या, त्यांनी विचारलं.

"भजन नको. सुम्ने, नुसतं उभं राहायचं."

"अरे, इतक्या वर्षांत," तात्या म्हणाले, "भजन करू नका म्हणून बोलावणारे तुम्ही पहिलेच."

अकराला मीनाक्षी मॅडम आल्या. दाराबाहेर अकरा जोड चपला बघून क्षणभर थांबल्या, आपल्या सँडल शेजारी काढल्या आणि आत आल्या. सात म्हाताऱ्यांनी एकदम हात जोडले. मॅडमनीही जोडले. काही विचारलं नाही.

सिग्नल चोख असला की स्क्रीनवर डोळ्यासारखा आकार उघडतो, बिघडला की मिटतो. आम्ही त्याला डोळाच म्हणतो. मॅडमनी बघितलं तेव्हा रिंगचा डोळा टक्क उघडा होता. अश्विनीने समजावून सांगितलं, आवाज न कापता. मला तिचा इतका अभिमान वाटला, की आपण काय केलंय ते दोन मिनिटं विसरलेच.

मग मॅडम पदराने वारा घेत म्हणाल्या, "फार उकडतंय इथे. ही मंडळी जरा बाहेर थांबली तर चालेल का?"

मामांनी सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली. सात जण रांगेने बाहेर गेले, मामाही त्यांच्याबरोबर गेले.

पाच मिनिटांत डोळा बारीक झाला. दहाव्या मिनिटाला मिटला.

"हे काय झालं?" मॅडमनी विचारलं.

सर तोंड उघडणार, तेवढ्यात अश्विनीच बोलली. "मॅडम, रिंगची शेगडी जळाली आहे. ती माणसांच्या उबेवर चालू होती. ते आजोबा त्यासाठीच होते."

"शेगडी मी जाळली," मी म्हणाले. "टिंब विसरले. हिची काही चूक नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलंच नाही. "माणसं सातच का?" त्यांनी अश्विनीला विचारलं. अश्विनीने वही पुढे केली. मॅडम उभ्या उभ्या वही वाचू लागल्या. माणसं तीन, तापमान इतकं. माणसं चार, तापमान इतकं. पानामागून पान, दोन वर्षांचं.

वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली, दारापाशी गेल्या, दार उघडलं आणि बाहेर बघून म्हणाल्या, "ओळगे बन्नी. सगळे या, आत या."

मंडळ कोपऱ्यावरून कॉफी पिऊन आलं होतं. पुन्हा भिंतीला लागून उभं राहिलं. या वेळी डोळा लवकर उघडला आणि आधीपेक्षा मोठा उघडला.

"कॉफी झालीय ना," मामा म्हणाले. "स्वल्प जास्त गरम आहेत."

मॅडम स्क्रीनकडे बघत होत्या. असले पाहुणे नेहमी एकच प्रश्न विचारतात, तो त्यांनीही विचारला. "पॉवर किती खातं?"

उत्तर मामांनी दिलं.

"दोन दोन इडल्या आणि एकेक कॉफी, मॅडम. दुपारी जेवण मागतील."

मॅडमचा चेहरा हलला नाही. "अर्ध्या तासाचं रीडिंग घ्यायचं होतं ना?" त्या अश्विनीला म्हणाल्या. "लाव घड्याळ."

अश्विनीने घड्याळ लावलं. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. बाहेर थांबलेल्या गाडीतून होता, बेंगळूरला परत निघायची वेळ झाली होती. फोन कानाला लावून त्या दारापर्यंत गेल्या, हात कडीवर ठेवला आणि थांबल्या. अश्विनीच्या वहीकडे बघितलं. खोलीतली माणसं मोजली. मग फोनवर म्हणाल्या, "गाडी थांबू दे," आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

वळून त्या भिंतीपाशी गेल्या आणि मंडळाच्या रांगेच्या टोकाला, तात्यांच्या शेजारी, पाठ टेकून उभ्या राहिल्या. तात्यांनी थोडं सरकून त्यांना जागा करून दिली, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच सांगितलं,

"खोकायचं नाही हां."